सहल जावाला, मुक्काम बसमध्ये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या परदेशी सहलींबद्दल मजकूर येतो, जाहिरातीही येतात. हल्ली त्यांत इंडोनेशियातल्या जावा बेटाचं नाव वरचेवर दिसतं. ‘जावातल्या गावात राहा, तिथली संस्कृती जगा’ अशा थाटाचं काहीतरी लिहिलेलं असतं आणि शेजारी बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाचा धुक्यातला फोटो. मी तिथल्या योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेला बांतुल भागात राहते. नवरा इथलाच. भारतातून शाळा-कॉलेजांचे गट आले की दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर फिरते, म्हणजे या सहलींवर माझंही घर थोडंफार चालतं. तेव्हा सहली बंद करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. पालक पैसे भरतात एका गोष्टीचे आणि मुलांना मिळते दुसरीच, एवढं मात्र कुणीतरी लिहायला हवं.

मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या एका गावात असाच एक गट आला. मुलं दोन बसमधून उतरली. मागून एक गाडी आली, तिच्यात गॅसच्या शेगड्या, कुकर, डाळ-तांदळाची पोती आणि दोन महाराज. ज्या घरी मुलींची सोय होती तिथल्या बुला (इथे घरच्या बाईला ‘बु’ म्हणतात, आईसारखंच) पाहुणी शाकाहारी आहेत हे आधीच कळवलेलं होतं. तिने आदल्या दिवसापासून तयारी केली होती. तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या नारळाचं पाणी, माडाचा गूळ, धने आणि सालामची पानं घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवायच्या आणि मग तळायच्या. याला तेंपे बाचेम म्हणतात, गोडसर आणि खमंग लागतो. शिवाय नारळाच्या दुधातली भाजी, लोदेह. सांबालात, म्हणजे मिरचीच्या चटणीत, इथे हमखास तेरासी पडते, म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. तीही तिने घातली नव्हती. जेवण मांडून, वर विणलेली जाळी झाकून ती दारात उभी होती.

मुली अंगणात रांगेत उभ्या राहून पावभाजी घेत होत्या.

“म्बाक (म्हणजे ताई), त्यांना सांग ना, नुसतं चाखून बघा,” बु मला म्हणाली. मी सहलीच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, रिस्क नको. रात्री पालकांचे फोन येतात, मुलीने काय खाल्लं म्हणून.” संध्याकाळी ते सगळं जेवण शेजारच्या घरांत वाटलं गेलं. मी बुची माफी मागायला गेले तर ती हसून म्हणाली, “म्बोतेन नापा-नापा.” काही नाही गं, असू दे. जावातली बाई पाहुण्याबद्दल याहून जास्त काही बोलायची नाही. म्हणून सहलीनंतर यजमानांकडून अभिप्रायाचे जे फॉर्म भरून घेतात ते मी कधी मनावर घेत नाही. त्यांत सगळीकडे ‘छान’च असतं. खरं काय झालं ते आठवड्याने तिसऱ्याच बाईकडून कळतं.

पालकांची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. इथला प्रसिद्ध गुदेग कच्च्या फणसाचा असतो, पण त्याच्या सोबतीला बहुतेक वेळा क्रेचेक येतं आणि ते गाई-म्हशीच्या कातड्याचं असतं. हे मुलांना आधी सांगायलाच हवं. पण सांगितलं, विचारलं, की या बेटावर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. तेंपे, तोफू, लोदेह, शेंगदाण्याच्या चटणीतला पेचेल, गुनुंगकिदुल भागातलं कसाव्याचं तिवुल, किती नावं सांगू. गावात चार दिवस राहून मुलं तेंपे न चाखता परत जात असतील तर ती गावात राहिली असं म्हणणं जड जातं.

आता कार्यक्रम. साधारण सगळ्यांचा एकच असतो. पहाटे बोरोबुदुर, दुपारी प्रंबाननची हिंदू देवळं, संध्याकाळी मालिओबोरोच्या बाजारपेठेत खरेदी, दुसऱ्या दिवशी जीपमधून मेरापी, मग ‘बाटिक कार्यशाळा’ दोन तास, आणि शेवटी गावात ‘सांस्कृतिक संध्या’. बोरोबुदुर पाहू नये असं कोण म्हणेल? नवव्या शतकातलं ते काम आहे, पाहायलाच हवं. आता तिथे ठरावीक लोकांनाच वर सोडतात आणि दगड झिजू नयेत म्हणून पायात ‘उपानात’ नावाची विणलेली चप्पल घालायला देतात. आसपासच्या गावांतले लोक ती विणतात. मुलांना ती चप्पल फार आवडते, आठवण म्हणून पिशवीत टाकतात. पण ती कुणी विणली, त्याचं घर किती लांब आहे, हे विचारायला बस थांबत नाही. वर चढायचं परदेशी प्रौढाचं तिकीट 4 लाख 55 हजार रुपिया. 2025 साली योग्यकर्ता प्रांताचं किमान वेतन महिन्याला 22 लाख 64 हजारांच्या आसपास होतं. म्हणजे एका सकाळचं तिकीट इथल्या कामगाराच्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याएवढं. असा हिशेब मुलांकडून बसमध्ये करून घेतला तरी खूप झालं.

मेरापीच्या जीपबद्दल फार लिहीत नाही. 2010 च्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली, डोंगराचे राखणदार म्बाह मारिजान त्यांच्यातच गेले. ज्या घरांत वितळलेली भांडी आणि जनावरांचे सांगाडे ठेवलेत तिथे मुलं दोन बोटं वर करून फोटो काढतात. शिक्षकही काढतात.

बाटिकबद्दल मात्र लिहायचं आहे, कारण ते मी रोज पाहते. कापडावर मेणाने नक्षी रेखायची आणि मग रंगात बुडवायचं, मेणाखाली रंग चढत नाही, ते बाटिक. इमोगिरीच्या डोंगराच्या पायथ्याशी गिरिलोयो नावाचं गाव आहे. वर डोंगरावर सुलतान अगुंग यांनी बांधलेलं राजघराण्याचं दफनस्थान, खाली बाटिक करणाऱ्या बायका. पूर्वी यांतल्या बऱ्याच जणी शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी मजुरीवर मेण रेखायच्या, रंगवणं आणि विकणं दुसऱ्यांच्या हातात. 27 मे 2006 च्या भूकंपात या भागातली घरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर बायकांनी गट केले, रंगवायलाही शिकल्या आणि आपल्या नावाने विकू लागल्या. एखादी बाई चांतिंग हातात घेऊन बसते तेव्हा पाहावं. चांतिंग म्हणजे तांब्याच्या छोट्या वाटीला चोच असलेली लेखणी. शेजारी चुलाणावर मेणाची कढई. मेण भरलं की ती चोचीत फुंकर मारते, म्हणजे थेंब अडकत नाही, आणि मग मांडीवर सोडलेल्या कापडावर रेघ ओढते. मेण फार गरम असलं तर पसरतं, गार असलं तर कापडात उतरत नाही. एक तलम लुगडं व्हायला महिने लागतात. आमच्या मुलांना छापील नक्षीचा रुमाल देतात, दोन तासांत ते डागाळतात, रंगात बुडवतात आणि ‘मी बाटिक शिकलो’ म्हणून घरी नेतात. बायकांना त्यात वाईट वाटत नाही, रुमालाचे पैसे मिळतात. पण तीच मुलं तीन सकाळी नुसती त्यांच्याशेजारी बसली तर त्यांना कळेल की बाई रेघ ओढता ओढता सुनेचं, कर्जाचं, मुलाच्या नोकरीचं बोलत असते आणि हात मात्र चुकत नाही. काही नक्ष्या कुणी, कधी घालायच्या याचे नियम आहेत हेही तिथेच कळतं. पारांग ही तिरप्या पट्ट्यांची नक्षी राजघराण्याची. ती अंगावर असेल तर योग्यकर्ताच्या राजवाड्यात पाहुण्यालाही अडवतात. एका गटाने मालिओबोरोवर सगळ्यांना सारखे पारांगचे शर्ट घेतले आणि दुसऱ्या दिवशी तेच घालून राजवाड्याच्या दारात उभे. शर्ट बदलायला बस परत हॉटेलवर गेली. चूक मुलांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आता जे मला सगळ्यात खुपतं ते. आपल्याकडचे गट जावाला येतात ते ‘इथे सगळं आपलंच आहे’ हे पाहायला. देवळं आपली, रामायण आपलं, नावं आपली. पहिल्या दिवसापासून शिक्षक हेच सांगतात आणि मुलं हेच शोधत फिरतात. एकदा गावच्या ‘बर्सिह देसा’ला, म्हणजे सुगीनंतर गाव झाडून-पुसून जो उत्सव करतात त्याला, रात्रभराचा वायांग, म्हणजे बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, होता. म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्या, पडदा, दिवा, मागे गामेलानचा वाद्यवृंद, आणि एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, रात्री नऊपासून पहाटेपर्यंत सगळ्यांचे आवाज काढत बसलेला. आमच्या गटाला बसने अकराला परत न्यायचं होतं, तोवर मी मुलांना कानात सांगत होते. श्रीकांदी ही बाई आहे आणि अर्जुनाची बायको आहे म्हटल्यावर हशा पिकला. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची म्हटल्यावर तर एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “ताई, ह्यांचं सगळं चुकलंय.” शिक्षकांनी समजूत घातली, “आपल्याकडून गेलंय ना, वाटेत बिघडलं.”

जुन्या जावानी भाषेत भारतयुद्धाचं काव्य 1157 साली लिहिलं गेलं. साडेआठशेहून जास्त वर्षं ही माणसं ही गोष्ट आपल्या पद्धतीने सांगत आली आहेत आणि तिच्यात भर घालत आली आहेत. सेमार, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग हे चौघे पांडवांचे सेवक व्यासांच्या महाभारतात शोधून सापडणार नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास ते पडद्यावर येतात आणि लुराहपासून, म्हणजे गावप्रमुखापासून, मंत्र्यापर्यंत सगळ्यांची टिंगल करतात. जागी राहिलेली सगळी माणसं या चौघांसाठीच जागी असतात. आमची बस अकराला गेली.

याच ‘आपलंच’मुळे आणखी एक घोटाळा होतो. माहितीपत्रकात ‘हिंदू-बौद्ध जावा’ असं असतं आणि मुलं उतरतात ती मुसलमान घरात. बु डोक्याला जिलबाब बांधते, पहाटे अजान होते, घरात नमाजाची एक स्वच्छ कोनाड्यासारखी जागा असते. मुलं गोंधळतात. काहींचे पालक तर मला फोन करून विचारतात, “हे आधी का नाही सांगितलं?” सांगायला हवंच होतं, पण इशारा म्हणून नव्हे. जी बाई पाच वेळा नमाज पढते तीच मुलाचं नाव बिमा ठेवते, तिच्याच घरी केंदुरीला, म्हणजे प्रार्थनेच्या जेवणाला, शेजारचे पुरुष चटईवर बसून अरबीत दुआ म्हणतात आणि जाताना बांबूच्या डबीतून भात, अंडं, भाजी घरी नेतात. रमजानच्या आधीच्या रुवाह महिन्यात सगळं गाव मिळून पूर्वजांच्या थडग्यांची जागा झाडतं आणि तिथेच बसून जेवतं. ज्याला जावा पाहायचा आहे त्याने हे सगळं एकाच घरात कसं नांदतं ते पाहावं. प्रंबाननचा दगड त्याबद्दल काही सांगणार नाही.

शाळांना भेट देण्याची टूम तर थांबवाच. चालू वर्गात वीस-पंचवीस मुलं शिरतात, तासभर ‘इंग्रजी शिकवतात’, लहान मुलांना खाऊ वाटतात, फोटो काढतात आणि रात्री ते फोटो त्या मुलांच्या आईबापांना न विचारता सगळीकडे फिरतात. विमानतळावर 5 लाख रुपिया भरून मिळतो तो व्हिसा फिरण्यासाठी आहे, वर्गावर शिकवण्यासाठी नाही. मुक्काम चोवीस तासांवर गेला की वस्तीच्या प्रमुखाला, पाक आर-तेंना (बाईला ‘बु’ तसं पुरुषाला ‘पाक’), कळवावं लागतं, तशा पाट्या गल्लोगल्ली आहेत. त्यासाठी पासपोर्टच्या प्रती मागितल्या तर एका व्यवस्थापकांनी माझ्याशी वाद घातला, “आम्ही काय चोर आहोत का?” नाही हो. पण गावाचं घर आहे, येणाऱ्याने नाव सांगायचं असतं.

चांगलं काही होत नाही असं नाही. मागे एका कॉलेजचा छोटा गट आला होता, एकाच वाडीत आठवडाभर राहिला. त्यांच्या बाईंनी येण्याआधी मुलांकडून चार गोष्टी घोटून घेतल्या होत्या. वडीलधाऱ्यांपुढून जाताना जरा वाकून ‘नुवुन सेवु’ म्हणायचं. बोट दाखवायचं तर उजव्या हाताच्या अंगठ्याने. देणं-घेणं उजव्या हाताने. आणि गामेलानचं वाद्य कधी ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. एवढ्यावर निम्मं काम झालं होतं. मुली एका लग्नघरी रेवांगला गेल्या, म्हणजे शेजारच्या बायका मिळून स्वयंपाक करतात त्याला. जमिनीवर बसून शॅलट कांद्याचा ढीग सोलायचा, डोळे पुसायचे आणि सगळ्यांच्या लग्नांच्या गोष्टी ऐकायच्या. भाषा कळत नव्हती तरी हशा कधी पिकतो ते त्यांना बरोबर कळू लागलं. बु त्यांना आरिसानलाही घेऊन गेली. आपल्या भिशीसारखीच ती, फक्त चिठ्ठी निघण्याआधी तासभर वस्तीतल्या आजाऱ्यांची, बाळंतिणींची चौकशी होते. दोन मुलं रात्रीच्या गस्तीवर गेली. घराघराच्या दाराशी एक छोटी डबी टांगलेली असते, तिच्यात मूठभर तांदूळ किंवा 500 रुपियाचं नाणं. गस्तवाले ते गोळा करत फिरतात, त्यातून गटाराचं झाकण बसतं, कुणाच्या औषधाला मदत होते. एका मुलाने मला विचारलं, “ताई, ज्याने डबी रिकामी ठेवली त्याचं काय करतात?” मी त्याला गस्तीवरच्या पाकनाच विचार म्हटलं. पाक हसले आणि म्हणाले, “काही नाही. त्याच्या डबीत उद्या परत बघतो.”

इंडोनेशियातल्याच मोठ्या शहरांतल्या शाळा आपली मुलं अशी खेड्यात पाठवतात. त्याला ते ‘लाइव्ह-इन’ म्हणतात. मुलं घरात जे शिजेल ते खातात, बादलीतल्या पाण्याने अंघोळ करतात, शेतावर जातात. मेरापीच्या पायथ्याची पेंतिंगसारीसारखी गावं त्यात मुरलेली आहेत. गावचा पर्यटन गट पाहुणे पाळीपाळीने वेगवेगळ्या घरांत वाटतो, म्हणजे कमाई एकाच घरात साचत नाही. ही व्यवस्था तयार आहे. आपल्या आयोजकांनी तिच्यात शिरायचं, की तिच्या अंगणात आपली शेगडी मांडायची?

पालकांनी पैसे भरण्याआधी आयोजकांना काही साधं विचारावं. मुलं एका घरी सलग किती रात्री राहणार? जेवण कोण करणार? दिलेल्या पैशातले गावात किती राहणार आणि ते कुणाच्या हातात पडणार? गटात मुलं किती? माझ्या मते एका वाडीत पंधराच्या वर नकोत, कारण त्यापुढे घरं कमी पडतात आणि मग सभागृहात गाद्या टाकतात. नेमकी उत्तरं मिळाली नाहीत तर मुलांना बालीच्या समुद्रावर पाठवा, ती मजा तरी खरी असते.

तारखांचंही पाहायला हवं. इथे सात वारांच्या जोडीला पाच दिवसांचा आठवडा चालतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कोतागेदेचा बाजार लेगीला फुलतो. गावाच्या बैठका कुठे दर पस्तीस दिवसांनी, कुठे शुक्रवार आणि क्लिवोन एकत्र येतील त्या रात्री. जावानी पंचांगातल्या सुरो महिन्यात लग्नं होत नाहीत. आयोजक मात्र आपल्याकडे बसून ‘बुधवार: पारंपरिक बाजार’ असं छापून टाकतात, आणि बुधवारी चार भाजीवाल्या आणि आमची दोन बस भरून मुलं एकमेकांकडे बघत उभी राहतात.

पुढच्या सुट्टीच्या सहली आता ठरत असतील. ज्या शाळा, कॉलेजं आणि कंपन्या जावाचा विचार करत आहेत त्यांनी माहितीपत्रक छापण्याआधी त्या गावच्या दुकुहला, म्हणजे वाडीच्या प्रमुखाला, एक फोन करावा आणि त्या आठवड्यात गावात काय आहे ते विचारावं. भाषेची अडचण असेल तर मी फोनवर मध्ये थांबून बोलून देईन. त्या फोनचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक वाचक आणि दुभाषी
बांतुल, योग्यकर्ता